काटेवाल्यांचं वजन

तोळाबाईंनी एखादी गोष्ट ठरवली की ती ठरली. मग देवानं जरी मध्ये तोंड घातलं असतं, तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी आधी आपलं काम संपवलं असतं. नवऱ्याला काही होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी आठ महिन्यांपूर्वी ठरवलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत पोचलाय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा काटेवाले खिडकीबाहेर बघत राहिले, आणि तोळाबाईंनी पर्समधून पेन काढून म्हटलं, "औषधाचं नाव जरा सावकाश सांगा."

ही दोन्ही नावं अर्थातच आईबापांनी ठेवलेली नव्हती. नवराबायकोचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाईक, मागे कामाची खोली आणि वर दोन खोल्यांत संसार. चौतीस वर्षं त्यात गेल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. ते काटेवाले झाले. बाईंचा हात असा, की पिशवी नुसती उचलून त्या वजन सांगत, आणि अंदाज तोळाभर जरी चुकला तरी दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नसे. म्हणून त्या तोळाबाई. बाजारातले भलेभले व्यापारी त्यांच्या पासंगालाही पुरले नसते.

दुकानाचा एक नियम होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात काटेवाल्यांनी तो बायकोला सांगितला होता. ज्यानं काटा दुरुस्त केला, त्यानं तो तपासायचा नाही. आपल्या हातचा काटा आपल्याला बरोबरच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं दुरुस्ती ते करत आणि तपासणी त्या करत. काटा चुकत असला तर तोळाबाई तो एक शब्दही न बोलता त्यांच्या टेबलावर परत आणून ठेवत. त्या न बोलण्यात इतकं काही भरलेलं असे, की काटेवाले हात जोडून म्हणत, "त्यापेक्षा चार शिव्या दे, पण अशी बघू नकोस."

आजारपणही बाईंनी असंच चालवायला घेतलं. दर दोन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. दूध, अंडं, सूप, पुन्हा दूध. भेटायला येणाऱ्यांनी पाच मिनिटांवर बसायचं नाही, रडायचं तर अजिबातच नाही. कुणी पाल्याचा रस सुचवला, कुणी लांबच्या कुठल्या माणसाची पुडी आणून दिली. सगळ्यांना चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं. परगावी असलेली लेक फोनवर रडायला लागली तर त्या म्हणत, "रडून झालं की फोन कर, मी इथंच आहे." लोकांना वाटे, बाई दगडाची आहे. तसं काही नव्हतं. बाई घाबरलेली होती, आणि घाबरली की ती कामाला लागायची.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, की औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, आणि वजन फार उतरायला लागलं तर शरीराला औषध झेपत नाहीये असं समजून ते थांबवावं लागतं. त्या दिवशी बसमधून परत येताना तोळाबाई अर्धा रस्ता फाईल चाळत होत्या. मग अचानक म्हणाल्या, "वजन उतरलं आणि त्यांनी औषध थांबवलं, तर मी काय करू?" काटेवाल्यांनी तिकिटाची घडी घालून ते खिशात ठेवलं. घरी आल्यावर मात्र त्यांनी एक अट घातली.

"घरात मला काट्यावर चढवायचं नाही. हॉस्पिटलात काय करायचं ते करू देत. मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

आणि तोळाबाईंनी, ज्या एरवी आलेलं वर्तमानपत्रसुद्धा हातावर तोलून आज जाहिराती जास्त आहेत म्हणत, त्यांनी ही अट लगेच मान्य केली. इतक्या लगेच का केली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

हॉस्पिटलातला काटा डिजिटल होता आणि पहिल्याच दिवशी काटेवाल्यांनी त्याची चूक पकडली. चारपैकी एक पाय फरशीच्या उंचवट्यावर होता आणि आकडा तीनशे ग्रॅमनं जास्त येत होता. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला थांबवून ते खाली वाकले, पायांचे स्क्रू फिरवले, पातळी जुळवली आणि म्हणाले, "आता खरं बोलेल." तेव्हापासून त्या वॉर्डात त्यांचा रुबाब होता. सिस्टर काट्याकडे बघतही नसे. "काटेवाले काका, किती?" असं लांबूनच विचारी, काका वाचून दाखवत, आणि ती लिहून घेई. बासष्ट. साडेएकसष्ट. एकसष्ट नऊशे. एकसष्ट चारशे.

तोळाबाई ते आकडे फायलीत बघत आणि त्यांचा जीव भांड्यात पडे. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडावं लागलं होतं, गालांची हाडं वर आली होती. हॉस्पिटलात जायच्या दिवशी ते कुणाचा आधार घेत नसत, पण एरवी त्यांना आंघोळीला धरून न्यावं लागे, आणि काखेत हात घालून उठवताना बाईंचा हात म्हणे, बाई, हे हलकं लागतंय. त्या हाताला गप्प करत. एकसष्ट चारशे आहे ना? काटा कुणी जुळवलाय? मग झालं. लोकांनी डोळ्यांवर जाऊ नये, काट्यावर जावं, हे ज्या बाईनं चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं, तिनं दुसरं काय करायचं?

सोमवारी स्कॅनचा निकाल आला. यकृतातल्या गाठी वाढल्या होत्या, चालू औषधाचा उपयोग संपला होता. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे तीन औषधं एकत्र द्यायची. कडक औषधं, त्रास बराच. गुण आला तर काही महिने मिळतील, पण येईलच असं नाही. दुसरा म्हणजे कॅन्सरवरचं औषध बंद करायचं, आणि दुखणं, मळमळ, भूक, झोप यांच्यावरच सगळं लक्ष द्यायचं. घरी येऊन बघणारी नर्स असते, औषधं असतात. तोही उपचारच आहे, असं त्या म्हणाल्या.

"वजन टिकून आहे, म्हणून पहिला रस्ता तुमच्यापुढं ठेवतेय," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर मी तो काढलाच नसता. गुरुवारपर्यंत विचार करा."

विचार कसला करायचा? हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरतानाच तोळाबाईंनी सांगून टाकलं, "पहिला."

"तू म्हणशील तसं," काटेवाले म्हणाले.

बाईंना बरं वाटलं. पुढच्या तीन महिन्यांचं खाणं त्यांनी बसमध्येच मनात मांडलं. हा माणूस चौतीस वर्षांत एकदाही 'तू म्हणशील तसं' म्हणाला नव्हता, भिंतीला कुठला रंग द्यायचा यावरही त्यानं तीन दिवस वाद घातला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

बुधवारी सकाळी तोळाबाई काटेवाल्यांच्या जाकिटाचं तुटलेलं बटण लावायला खाली आल्या.

हॉस्पिटलात थंडी वाजते म्हणून काटेवाले दर खेपेला एक जाड लोकरी जाकीट घालून जात. परत आले की कामाच्या खोलीत दारामागं टांगत. वर न्यायला त्यांची मनाई होती, औषधाचा वास घरात नको म्हणून. बाईंना हे पटलं होतं, कारण वास त्यांनाही नको होता. ते खिडकीशी बसून औषधाच्या दुकानाचा छोटा तराजू साफ करत होते. बाईंनी हात वर करून जाकीट खुंटीवरून काढलं, आणि हात खाली गेला.

सहा किलो, हात म्हणाला. सहा-दोनशे.

त्यांनी ते मोठ्या काट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे पन्नास. पन्नास ग्रॅमचा अंदाज चुकला म्हणून त्यांना क्षणभर वाईटसुद्धा वाटलं, सवयीचा भाग. मग त्यांनी अस्तर बोटांनी चाचपलं.

काटेवाल्यांनी मान वर केली नाही. पण त्यांचा हात थांबला होता.

बाईंनी कात्री घेतली आणि आतल्या अस्तराची शिवण उसवली. बारीक, सरळ, मेणाच्या दोऱ्याची शिवण. अस्तराखाली फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या शिशाच्या पट्ट्या निघाल्या. लोखंडी वजनाच्या पोटात भरायला दुकानात शिसं असायचंच, त्याच्याच ठोकून पातळ केलेल्या. कडा कानशीनं गोल केल्या होत्या, टोचू नयेत म्हणून. एकूण सहा. आणि प्रत्येकीवर ठशानं वजन आणि तारीख उमटवलेली. सहाशे. साडेआठशे. सातशे. एक किलो शंभर. नऊशे. शेवटची सोमवारची, बाराशे.

तारखा सगळ्या हॉस्पिटलात जायच्या दिवसांच्या होत्या.

तोळाबाईंनी त्या तारखेच्या क्रमानं नवऱ्यापुढं टेबलावर मांडल्या. एक शब्दही न बोलता.

"तपासल्यास?" काटेवाल्यांनी विचारलं.

"तपासल्या. वजनं बरोबर आहेत."

"असणारच."

"पाच किलो साडेतीनशे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "सोमवारी एकसष्ट तीनशे वाचलंत तुम्ही. म्हणजे छप्पनसुद्धा नाही."

"पन्नास ग्रॅम कमी छप्पनला. तेही जाकिटासकट."

"आठ महिने."

"नाही गं, पाच. आधी उतरत नव्हतं. मग तू वर असताना इथं काट्यावर चढून बघायचो आणि दर खेपेला जेवढं उतरायचं तेवढं घालायचो, थोडं इकडंतिकडं ठेवून. अगदी सारखा आकडा आला तर कुणालाही संशय येतो."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. तोंडातून निघालं ते भलतंच होतं. "सिस्टर आकडा तुम्हालाच विचारते. नुसतं तोंडानं एकसष्ट म्हणाला असतात तरी चाललं असतं. हे शिसं अंगावर घेऊन बस चढलात, पायऱ्या चढलात. घरी येऊन दोन दिवस पडून असायचात. मी म्हणायची, औषधाचा थकवा."

काटेवाल्यांना हे लागलं. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर दिसेल तेवढा राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"काट्यावर एक आकडा दिसत असताना मी दुसरा वाचू?"

एरवी बाई हसल्या असत्या. खोटं बोलायला नको म्हणून पाच किलोंवर शिसं अंगावर वागवणारा माणूस जगात दुसरा सापडला नसता, आणि तो नेमका त्यांच्याच वाट्याला आला होता. पण हसू आलं नाही. त्यांना त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"का केलंत?"

"तू बसमध्ये म्हणालीस ना. मी काय करू, म्हणालीस. तुझा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, एवढं तर आपल्याला दुरुस्त करता येईल."

"आणि तपासणार कोण होतं?"

ते टेबलावरच्या पट्ट्या एका रेषेत लावू लागले.

"मी विचारतेय, दुरुस्त तुम्ही केलंत, आकडा तुम्हीच वाचलात. तपासणार कोण होतं? नियम कुणाचा आहे हा?"

"तू तरी कुठं तपासलंस?" काटेवाले हळू म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "हात लावलास की तुला कळतं. रोज लावत होतीस."

  तोळाबाई उठल्या, वर गेल्या आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. भांड्यांचा आवाज खाली ऐकू जावा अशी त्यांची इच्छा होती आणि तो गेलाही. त्यांना दिसत होतं की गुरुवारी हे सांगितलं तर पहिला रस्ता बंद होणार. न सांगितलं तर उघडा राहणार. शिवण पुन्हा घालायला दहा मिनिटं पुरली असती. हा विचार त्यांच्या मनात आला. आला आणि चांगला दोन पातेली होईपर्यंत बसून राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. नवरा जिवंत राहावा म्हणून माणूस कुठवर जातं, हे त्यांना त्या पातेल्यांत दिसलं.

मग त्यांनी हात पुसले आणि खाली आल्या.

"उठा. काट्यावर या."

"आपलं ठरलं होतं."

"तुमचंही बरंच काही ठरलं होतं. उठा."

कामाच्या खोलीत पोती तोलायचा जुना प्लॅटफॉर्म काटा होता. काटेवाले शर्टपँटवर त्याच्यावर उभे राहिले. तोल जाऊ नये म्हणून दांडा धरायला गेले, तर बाई म्हणाल्या, "हात सोडा, आकडा चुकतो." ते निमूट हात सोडून उभे राहिले. बाईंनी माप सरकवलं, पुन्हा सरकवलं, दांडी स्थिर व्हायची वाट बघितली.

"चोपन्न नऊशे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. 

त्यांना खाली उतरवून खुर्चीत बसवल्यावर त्या त्यांच्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

"आता मी तपासणार. खरं बोलायचं. कडक औषध घ्यायचंय तुम्हाला?"

"तू..."

"मी नाही. तुम्ही."

काटेवाल्यांनी टेबलावरचा छोटा तराजू जवळ ओढला. त्याच्या दांडीच्या मध्यभागी पोलादाची बारीक धार असते, तिच्यावरच सगळा तोल पेललेला असतो. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. धार आहे की बोथट झालीय, हे बोटाला कळायला पाहिजे. मला आता काही कळत नाही. या औषधानं बोटं मेलीत. नवीन औषधानं आणखी जातील, त्यांनी सांगितलंच आहे. सकाळी उठून इथं बसावं, दोन तास का होईना काम करावं, बोटाला काहीतरी लागावं. सूप सुपासारखं लागावं. तीन महिने जास्त मिळाले आणि ते बादलीत डोकं घालून काढले, तर ते काय करायचे?" ते दमले, थांबले. "नको मला ते. पण तू एवढी धावत होतीस, की थांब म्हणायला तोंड झालं नाही."

"म्हणजे मी हरले?"

"तू कसली हरतेस. औषध हरलं."

तोळाबाई रडल्या नाहीत. त्या भांडल्या. मधलं काही असेल, दुसरे डॉक्टर असतील, खाणं आणखी वाढवता येईल, दोन आठवड्यांत दोन किलो चढवून दाखवते, असं एकामागून एक त्या बोलत राहिल्या, आणि काटेवाले नुसते ऐकत राहिले. दुपारी लेकीचा फोन आला. सगळं ऐकल्यावर तीही तेच म्हणाली, आई, प्रयत्न सोडायचा नाही. हे वाक्य त्या पोरीला शिकवलं कुणी होतं? 

"तुझ्या बाबांना विचार," बाई म्हणाल्या, आणि फोन काटेवाल्यांच्या हातात देऊन पुढच्या दुकानात जाऊन बसल्या. आत बापलेक पाऊण तास बोलत होते. काय बोलतात ते ऐकायला बाईंनी कान दिला नाही. हे त्यांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत. शेवटी काटेवाल्यांनी हाक मारून सांगितलं, "शनिवारी येतेय ती. राहणार आहे."

गुरुवारी काटेवाले साध्या शर्टात हॉस्पिटलात गेले. पट्ट्या बाईंच्या पिशवीत होत्या. सिस्टरनं लांबूनच विचारलं, "काका, किती?" काकांनी आकडा वाचला, चोपन्न सातशे, आणि सिस्टर लिहिता लिहिता थांबली. तिनं जवळ येऊन स्वतः बघितलं. मग बाईंनी तिला काय ते सांगितलं. त्या पोरीचे डोळे भरले. काटेवाल्यांना आत्तापर्यंत कुणापुढं शरम वाटली नव्हती, ती तिच्यापुढं वाटली.

डॉक्टरांच्या टेबलावर बाईंनी सहा पट्ट्या तारखेनं मांडल्या.

"हे माझ्या नवऱ्यानं केलं," त्या म्हणाल्या, "आणि माझ्यामुळं केलं. मला हाताला कळत होतं, मी कबूल करत नव्हते. तुम्हाला रागावायचं असेल तर आधी रागवा, मग पुढचं बोलू."

डॉक्टर रागावल्या, आणि चांगल्या रागावल्या. "सहा किलोंनी औषधाच्या प्रमाणात फार मोठा फरक पडला नसेल. पण तो आकडा बघून मी म्हणत होते, यांना औषध सोसतंय. ते सोसत नव्हतं. मी मध्येच थांबले असते, निदान कमी तरी केलं असतं. दोन महिन्यांपूर्वी ताप येऊन आठ दिवस इथं काढलेत, तो कदाचित टळला असता. कदाचित नसताही." त्यांनी एक पट्टी उचलून पाहिली, ठसा वाचला, आणि खाली ठेवताना त्यांचा आवाज उतरला. "तीन औषधांचं आता मी सुचवणार नाही. या वजनाला ते औषध माणसाला आडवं पाडेल."

"आणि मधलं काही?" बाईंनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आल्या होत्या. तरी विचारलं गेलं.

"एकच औषध, कमी प्रमाणात देता येईल. काही आठवडे मिळतील, किंवा ते आठवडे इथंच या खाटेवर जातील. मी खात्री देऊ शकत नाही. हवं असेल तर मी देईन."

 चौतीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोलायचं काम बाईंचं होतं. बँकेत, शाळेत, डॉक्टरकडं, कुणी प्रश्न विचारला की उत्तर त्याच देत आणि काटेवाले मान हलवत. आताही डॉक्टर बाईंकडंच बघत होत्या. 'देऊन तर बघू' हे शब्द बाईंच्या जिभेवर तयार होते. त्या नवऱ्याकडं वळल्या. नवरा त्यांच्याकडंच बघत होता.

"तू म्हणशील..." त्यानं सुरुवात केली.

"मी काही म्हणणार नाही," तोळाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. मी ऐकतेय."

 काटेवाल्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की नको. औषध थांबवा. दुखायला नको, जेवण जावं, आणि जमेल तेवढे दिवस कामाच्या टेबलापाशी बसता यावं, एवढं बघा. सलग एवढं ते पहिल्यांदाच या खोलीत बोलले होते, आणि डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी बाईंना विचारलं, "तुमची तयारी आहे?"

"नाही," तोळाबाई म्हणाल्या. "अजिबात नाही. पण तयारी व्हायची वाट बघत बसले तर यांचे दिवस जातील. काय काय करायचं ते सांगा, मी करते." त्यांनी फाईल उघडली आणि कोरं पान काढलं.

बाहेर सिस्टरनं फॉर्म आणला. कॅन्सरवरचे उपचार थांबवत असल्याचा, खाली रुग्णाची सही. आठ महिन्यांत असे पंधरा-वीस फॉर्म झाले होते, आणि प्रत्येकावर सही बाईंनीच ठोकली होती, कारण त्यांची बोटं चालत होती आणि रांग मोठी असायची. सिस्टरनं सवयीनं पेन त्यांच्यापुढं धरलं.

"ह्यांना दे," बाई म्हणाल्या.

"काकू, काकांना धरवत नाही पेन. तुम्हीच करून टाका ना नेहमीसारखी. मागं माणसं थांबलीत."

"थांबू देत."

काटेवाल्यांनी पेन मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं. ते निसटलं. बाईंनी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले, कारण ते आपोआप पुढं येत होते. पहिलं अक्षर झालं. दुसरं रेघेखाली गेलं. मागं कुणीतरी खाकरलं. बाईंनी वळून नुसतं बघितलं, आणि खाकरणं बंद झालं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. सही वेडीवाकडी, अर्ध्या चौकटीबाहेर गेलेली, पण त्यांची होती आणि पुरी झाली.

ती पुरी झालेली बघितली आणि तोळाबाईंचं धरून ठेवलेलं सगळं सुटलं. आठ महिन्यांचं रडू एकदम आलं, भर रांगेत, सगळ्यांसमोर. ते लपवायला त्यांच्याकडं वेळ नव्हता. एका हातानं त्यांनी नवऱ्याचा दंड धरला, दुसऱ्या हातानं पेन घेतलं, आणि रडता रडताच सिस्टरला विचारलं, "दुखण्याची गोळी जेवणाआधी द्यायची, की नंतर?"